विद्युत-परिपथ : परक्या शाखेचा आपला विषय

लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात स्थापत्य व यंत्र शाखांच्या विद्यार्थ्यांनाही विद्युतशास्त्राची मूलतत्त्वे शिकावी लागतात. ‘हा आमचा विषय नव्हे’ असे अनेकांना वाटते. अशांसाठी आपण बुरोंडीच्या वाडीतील पंपापासून आरंभ करू.

विहिरीपर्यंतच्या तारांचा एकूण रोध २ ओहम व प्रवाह ५ अँपिअर असेल, तर ओहमच्या १८२७ सालच्या नियमानुसार १० व्होल्ट तारांतच खर्च होतात. २३० पैकी सुमारे २२० व्होल्ट पंपास मिळतात. ५० वॅट उष्णतेत जातात.

विद्युतदाब म्हणजे पाण्याचा दाब, प्रवाह म्हणजे धार, ही उपमा सोयीची. परंतु ती अपुरी आहे. पाट फुटला की पाणी बाहेर वाहते. तार तुटली की प्रवाह थांबतो, मात्र तुटलेल्या टोकाशी दाब कायम राहतो. ओल्या जमिनीवरील मजुराने त्यास स्पर्श केला की त्याच्याच देहातून परिपथ पूर्ण होतो. अवघे ३० मिलिअँपिअरही प्राणघातक ठरू शकतात.

बांधकामावर त्या मजुराची जबाबदारी स्थापत्य अभियंत्याचीच असते. म्हणून हा विषय केवळ गुणांसाठी नव्हे, करुणेसाठीही शिकावा, असे आम्हांस वाटते.