ब्रुकलँड्सचा बिल्ला : अस्सल की नक्कल?

प्रश्न : ब्रुकलँड्सच्या मोटार-शर्यतींचा, 1930 च्या दशकातील सभासद-बिल्ला विकत मिळत आहे. पारख कशी करावी?

उत्तर : इंग्लंडच्या सरे परगण्यातील ही धावपट्टी 1907 मध्ये खुली झाली व 1939 मध्ये तेथील अखेरची शर्यत झाली; तेथील क्लबच्या सभासदांस दरसाल नवे, साल अंकित केलेले मिन्याचे बिल्ले, पाहुण्यांच्या जोडबिल्ल्यांसह, मिळत असत. पाठीवरचे अनुक्रमांक जुळणारा संच एकट्या बिल्ल्याहून श्रेष्ठ, हे माझे ठाम मत आहे. भिंगाखाली, भट्टीत भाजलेला अस्सल मिना काचेसारखा कठीण दिसतो, तर ओतीव नकलेच्या धातूवर पुष्कळदा सूक्ष्म छिद्रे व मिन्याच्या जागी मऊ रंग आढळतो. काळवंडलेला धातू मात्र कृपया घासू नये.