चव विचारताना

पोरी, कोकम सरबत, आवळा सरबत की मठ्ठा, बाटलीत काय भरायचं ते लोकांना चाखवूनच ठरवायचं म्हणतेस, ते योग्यच आहे. पण आकडेमोड पुढची गोष्ट, आधी पेले नीट मांड.

तिन्ही पेयं सारखीच गार हवीत, नाहीतर लोक चवीला नव्हे, गारव्याला मत देतील. रंगावरून कोकम ओळखू येणारच, त्याला इलाज नाही. पण कोकमाच्याच दोन पाककृती ताडून बघशील तेव्हा पेल्यांवर 1 आणि 2 लिहू नकोस, 417, 862 असे आकडे टाक. ‘एक नंबर’ म्हटलं की मन तिकडे झुकतंच. दोन चवींच्या मधे साधं पाणी दे. उन्हातून आलेल्याला पहिला घोट अमृतच वाटतो, म्हणून क्रम फिरवत राहा. तीन पेयांचे क्रम सहा होतात. तेव्हा शंभर नको, 90 माणसं घे, म्हणजे प्रत्येक क्रम बरोबर 15 जणांच्या वाट्याला येईल. आणि मत विचारताना दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं विचार.

प्रत्येकाने एकच आवडतं पेय सांगायचं. दोन सांगितली तर पुढचं गणित लागू पडत नाही. आवडीत फरकच नसता, तर प्रत्येक पेयाला 30 मतं पडायला हवीत. आलेल्या मतांतून 30 वजा कर, उत्तराचा वर्ग कर, 30 ने भाग आणि तिन्हींची बेरीज घे. ही काय-स्क्वेअर कसोटी. बेरीज 5.99 च्या वर गेली तर फरक मान. 40, 30, 20 अशी मतं आली तर ती 6.67 होते. 38, 30, 22 आली तर 4.27 च, एवढी तफावत नुसत्या योगायोगानेही पडते. फरक नसतानाही शंभरात पाच वेळा ही कसोटी ‘आहे’ म्हणते, तेवढी जोखीम धरूनच चाल.

दोनच पाककृती असतील तर आणखी सोपं. 20 जणांत एकीला निदान 15 मतं हवीत, 100 जणांत 61. नुसते टक्के कुणी सांगितले तर माणसं किती होती ते आधी विचार. 20 पैकी 12 आणि 200 पैकी 120 दोन्ही साठच टक्के, पण पहिल्यावर पैसा लावू नये, दुसऱ्यावर लावावा.

तरीही घोटभर आवडणं वेगळं आणि रोज पिणं वेगळं. 1985 साली अमेरिकेत कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांना चाखवून नवी चव आणली. चाचण्यांत ती सरस ठरली होती, पण लोक इतके चिडले की तीन महिन्यांच्या आत जुनी चव परत आणावी लागली. म्हणून जिंकलेल्या सरबताच्या बाटल्या दहा-बारा घरांत आठवडाभर ठेव आणि किती उरलं ते स्वतः जाऊन बघ. त्या घरांत आपले नातेवाईक मात्र घेऊ नकोस.