आधी तेल, मग पेट्रोल : बरेच दिवस उभी असलेली गाडी कशी सुरू करायची?

ताईंनो, 2017 साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आली, तेव्हापासून गटातल्या बायकांच्या हातात गाड्याही आल्या. गाडी चालवायला आपण शिकलो. पण उभी राहिलेली गाडी सुरू कशी करायची, हे आम्हाला नुकसान झाल्यावर कळलं.

पावसाळ्यात रस्ता खचला आणि आमच्या गटाची गाडी चार महिने शेडमध्ये उभी राहिली. दिवाळीच्या तोंडावर मी चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, पण आतून खडखड आवाज आला आणि तेलाचा लाल दिवा विझेना. बंद पडेल म्हणून मी उलट ॲक्सिलेटर दाबला. बेअरिंग गेलं. गटाची तीन महिन्यांची बचत दुरुस्तीत गेली. मेकॅनिक म्हणाला, "ताई, तेल होतं हो, पण खाली होतं. ते वर पोचायच्या आधीच तुम्ही इंजिन पळवलंत."

असं का होतं?

इंजिनच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं. तेलपंप तिथलं तेल फिल्टरमधून वर ढकलतो आणि फिरणाऱ्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर राहतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की तेल खाली उतरतं. कोरड्या हातपंपात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तरच तो पाणी धरतो. तसंच इथे पंपाने आधी तेल धरायला हवं.

त्यासाठी पेट्रोल बंद ठेवून इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवायचं. स्टार्टर मिनिटाला साधारण 200-300 फेरेच देतो आणि आत पेट्रोल पेटत नाही, म्हणून भागांवर जोर कमी येतो. सुरू झालेलं इंजिन मात्र जागेवरही 700 ते 900 फेरे घेतं.

रोजच्या गाडीला हे लागत नाही. गाडी काही महिने उभी असेल किंवा इंजिन खोलून बसवलं असेल, तरच करायचं.

पेट्रोल गाडीसाठी पायऱ्या

1. गाडी ढकलून उघड्यावर, सपाट जागी घ्या. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, चाकाला दगड लावा. मुलं, चूल, विडी-काडी लांब.

2. तेलाची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. गाडी सुरू करू नका. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही बघा.

3. चावी काढा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात फ्यूल पंपाचा फ्यूज शोधा. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग फ्यूज काढून डबीत ठेवा. सापडला नाही तर अंदाजाने काढू नका.

4. चावी 'ऑन' करा. तेलाचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर पुढे तेल वर आलं की नाही हे कळणारच नाही. आधी तो दुरुस्त करा.

5. ॲक्सिलेटरला पाय न लावता स्टार्टर 5 ते 10 सेकंद फिरवा आणि मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो. पाइपातल्या उरलेल्या पेट्रोलवर इंजिन क्षणभर धरेल आणि बंद पडेल. घाबरू नका.

6. दिवा विझेपर्यंत असंच करा. पाच-सहा वेळा फिरवूनही विझला नाही तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

7. दिवा विझला की चावी बंद करा, फ्यूज त्याच खाचेत बसवा आणि गाडी सुरू करा. लगेच रेस करू नका. दिवा 5 सेकंदांत विझला नाही किंवा खडखड आली, तर ताबडतोब बंद.

हे करू नका

पेट्रोल चालू ठेवून नुसत्या प्लगच्या वायरी काढू नका. पेट्रोल आत जात राहतं, सिलिंडरचं उरलंसुरलं तेल धुऊन काढतं, आणि ठिणगी उडाली तर आग लागू शकते. पेट्रोलचा पाइप सोडवू नका. त्यात दाब असतो. अशी गाडी धक्का मारूनही सुरू करू नका.

डिझेल असेल तर

जुन्या डिझेल इंजिनाला बंद करायची कळ असते. ती बंदच्या बाजूला धरून इंजिन फिरवलं की डिझेल जात नाही. नव्या कॉमन रेल गाडीला मात्र हात लावू नका. तिच्या पाइपातलं डिझेल कातडी फोडून आत शिरेल एवढ्या दाबाने येतं. ते काम मेकॅनिकचंच.

पुढच्या बैठकीसाठी

गाडी बंद असताना प्रत्येक चालक ताईने फ्यूज आणि तेलाची पट्टी स्वतः शोधून दाखवायची. गाडीच्या वहीत 'शेवटची कधी चालवली' हा रकाना घाला. पंधरा दिवसांतून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणली, तर एवढा खटाटोप करायची वेळच येत नाही. आम्ही आता पाळी लावली आहे. या पंधरवड्यात माझी.