वचन कुठे साठवावे?



गेल्या उन्हाळ्यात एका घरी सायंप्रार्थनेला गेलो होतो. नातू मोबाईलवर स्तोत्र २३ वाचत होता. वादळ सुटले, लाईट गेली आणि थोड्याच वेळात मोबाईलची बॅटरीही संपली. अंधारात सगळे गप्प झाले. तेव्हा कोपऱ्यातल्या आजीने तेच स्तोत्र पुढे म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत नेले. मी तिला साथ देऊ लागलो, पण दोन ओळींनंतर अडखळलो. पुढचे मला पाठ नव्हते. माझी तत्त्वज्ञानाची पदवी त्या अंधारात कामी आली नाही. आजी एवढेच म्हणाली, "मले वाचता येत नाई फादर, म्हणून ऐकून ऐकूनच ठेवलं."

परतताना सॉक्रेटिस आठवला. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात तो एक कथा सांगतो. इजिप्तमधला एक देव लेखनकला घेऊन राजाकडे येतो. राजा म्हणतो, या कलेवर विसंबून माणसे विसराळू होतील. आज आपण मोबाईलविषयी करतो तीच तक्रार सुमारे २,४०० वर्षांपूर्वी लेखनाविषयी झाली होती! पण ती आपल्यापर्यंत पोहोचली, ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणूनच. तेव्हा साधनाला दोष देऊ नये. साधन हरपल्यावर आपल्याजवळ काय उरते, हे मात्र तपासावे.

आपल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर पाहा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी अनेकांना विचारून, पारखून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा लिहून काढले, असे महानुभाव परंपरा सांगते.

आपल्या ख्रिस्ती मराठीचा इतिहासही असाच आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून येऊन १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले. त्यांनी मराठी ओव्यांत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने मराठी शब्द रोमन लिपीत छापावे लागले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा दडपण्याचा हुकूम काढला. त्या तीन जुन्या आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज माहीत नाही. तरी ग्रंथ जगला, कारण भाविक त्या ओव्या गात राहिले आणि हाताने नकला करत राहिले. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. छापखाना त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते. पण वचन टिकले ते माणसांच्या मुखात आणि हातात.

शुभवर्तमानही लिहिले जाण्याआधी सांगितले आणि ऐकले गेले. पवित्र मरिया घडलेल्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवत असे, असे संत लूक सांगतो. आणि क्रुसावर प्रभूच्या हातात ग्रंथ नव्हता, हात तर खिळलेले होते. तरीही स्तोत्र २२ चे शब्द त्याच्या ओठांवर आले. बालपणापासून साठवलेले वचन त्या घटकेला त्याची प्रार्थना झाले.

कुणी म्हणेल, "फादर, नुसते पाठांतर म्हणजे पोपटपंची." खरे आहे, अर्थ न समजता केलेले पाठांतर कोरडेच. पण जे मुळी आत उतरलेच नाही, त्याच्यावर मनन तरी कसे होणार? दवाखान्यात, प्रवासात, मरणाच्या दारात आपण मोबाईल शोधत बसणार का?

म्हणून या आठवड्यासाठी एक छोटा अभ्यास. स्तोत्र २३ मध्ये सहाच वचने आहेत. सोमवार ते शनिवार, रोज रात्री जेवणाआधी एकेक वचन घरातल्या सर्वांनी मिळून पाठ करावे. ज्या घरी आजी-आजोबांना वाचता येत नाही, तिथे नातवंडांनी मोबाईलवरून वाचून दाखवावे आणि आजी-आजोबांनी ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे. मोबाईलचा याहून चांगला उपयोग कोणता?

पुढच्या रविवारी मिस्सापूर्वी पुस्तक बंद ठेवून आपण सारे हे स्तोत्र एकत्र म्हणू. मीही पाठ करून येतो. अडखळलो तर सांभाळून घ्या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू