बाळाची कावीळ आणि यकृताची उभारी

प्रश्न : आमच्या नऊ महिन्यांच्या मुलाला हेपॅटायटिस ए झाला. तीन आठवडे झाले तरी डोळे पिवळेच आहेत. यकृत पूर्ववत होईल ना? – एक आई, रत्नागिरी

उत्तर : हो, बहुतेक बाळांत ते पूर्ण बरे होते. हा आजार जुनाट होत नाही. रक्त तपासणीतले एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम आधी उतरते, पिवळेपणा रेंगाळतो; त्यामुळे डोळ्यांपेक्षा बाळाची भूक आणि तरतरी पाहा. यकृताचे काम खरे कळते ते आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासणीतून. एसजीपीटी उतरले पण आयएनआर वाढला, तर ती सुधारणा नव्हे, धोका आहे.

बाळ गुंगीत जाणे, सतत उलट्या, रक्तस्राव यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी तडक जिल्हा रुग्णालय गाठा. शी पांढुरकी होत असेल तरी डॉक्टरांना लगेच दाखवा.

अंगावरचे दूध आणि मऊ भात, वरण चालू ठेवा. हळद, तूप बंद करायची गरज नाही. कावीळ उतरवणाऱ्यांचा पाला, मुळीचा रस मात्र कृपा करून देऊ नका, डागही देऊ नका. तान्ह्या यकृतावर अशा पाल्या-रसाचा भार फार वाईट. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच. बाळाच्या शीतून विषाणू बरेच दिवस पडतात, म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा आणि विहिरीचे पाणी उकळूनच वापरा.