ऑल्नी गांवचे दोन गीतकार

शास्त्रपाठ : १ इतिहास १७ : १६-२७

आपल्या मंडळ्यांत पुष्कळांस गीतें तोंडपाठ असतात, पण तीं कोणीं रचलीं असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. तुकोबांच्या अभंगांत शेवटीं त्यांचें नांव येतें, त्यामुळें गाणाराला रचणाराचा विसर पडत नाहीं. विलायतेहून आलेल्या गीतांस अशी नाममुद्रा नसते. आज आम्ही अशा दोन गीतकारांची ओळख करून देत आहों. त्यांनीं आपलीं गीतें एका लहान गांवांतील गरीब लोकांसाठींच रचलीं होतीं. तेव्हां खेड्यांतील वाचकांस त्यांची हकीकत परकी वाटूं नये.

इंग्लंडांत बकिंगहॅमशायर परगण्यांत ऊझ नदीच्या कांठीं ऑल्नी हें गांव आहे. अठराव्या शतकांत तेथील बायकामुलें लेस विणून पोट भरीत. समोर घट्ट भरलेली उशी, तिच्यावर खोंवलेल्या टांचण्या, आणि सूत गुंडाळलेल्या बारीक कांड्या दिवसभर इकडून तिकडे फिरवावयाच्या. काम डोळे फोडणारें व मजुरी थोडी. लेस मात्र श्रीमंतांच्या अंगावर. या गांवीं जॉन न्यूटन हे १७६४ सालीं पाळक म्हणून आले. तीन वर्षांनीं विल्यम कूपर हे कवि तेथें राहावयास आले, आणि दोघांचा मोठा स्नेह जमला. १७६९ पासून ग्रेट हाउस नांवाच्या एका मोठ्या घरांत प्रार्थनासभा भरूं लागली, व तिच्याकरितां हे दोघे नवीं गीतें रचूं लागले. हीं गीतें १७७९ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. एकंदर ३४८, त्यांत कूपर यांचीं सत्तरांच्या आंत, बाकीचीं न्यूटन यांचीं. गीतें साध्या लोकांस समजलीं पाहिजेत, कवित्वाचे अलंकार त्यांत बेताचेच असावेत, असा अभिप्राय न्यूटन यांनीं प्रस्तावनेंत दिला आहे. (जातां जातां सांगतों : याच गांवच्या बाप्तिस्त मंडळीनें १७८६ सालीं विल्यम केरी या जोडे शिवणाऱ्या तरुणास उपदेशाच्या कामावर पाठविलें, आणि त्याच केरी साहेबांनीं १८०५ सालीं बंगाल्यांत श्रीरामपूर येथें मराठी भाषेचें व्याकरण छापिलें.)

दोघांचीहि आई ते सहा वर्षांचे असतां वारली. न्यूटन यांच्या आईनें त्या वयांतच त्यांस आयझॅक वॉट्स यांचीं गीतें शिकविलीं होतीं. अकराव्या वर्षीं ते बापाबरोबर समुद्रावर गेले. १७४४ सालीं त्यांस जबरीनें धरून आरमारांत घातलें; पळाले, सांपडले, व त्यांस फटके बसले. पुढें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांचा धंदा करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरीं ते उपाशी व आजारी पडून राहिले. तेव्हां सांखळदंडांत असलेल्या गुलामांनीं आपल्यांतला घांस चोरून त्यांस दिला, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. १७४८ च्या मार्चांत परत येतांना गलबत वादळांत सांपडलें, आणि त्या रात्रीं त्यांनीं देवाचा धांवा केला.

येथवरची गोष्ट आमचे उपदेशक बंधु नेहमीं सांगतात. 'अमेझिंग ग्रेस' हें कृपेविषयींचें प्रसिद्ध गीत त्या वादळांतच सुचलें, अशीहि जोड कोणी देतात. तसें झालें नाहीं. वादळानंतर न्यूटन गुलामांच्या धंद्यांतच राहिले. इतकेंच नव्हे, तर १७५० ते १७५४ पर्यंत गुलाम वाहणाऱ्या गलबतांवर कप्तान होऊन त्यांनीं तीन सफरी केल्या. रविवारीं वर खलाशांबरोबर उपासना चाले, आणि खालीं माणसें बेड्यांत पडलेलीं असत. ज्यांनीं एके काळीं घांस दिला त्यांच्याच भाऊबंदांस त्यांनीं विकलें. धंदा सुटला तो आजारामुळें, पश्चात्तापामुळें नव्हे.

तें गीत त्यांनीं पंचवीस वर्षांनंतर, १ जानेवारी १७७३ च्या उपदेशाला जोडून ऑल्नी येथें रचलें. उपदेशाचा पाठ आज वर दिलेल्या अध्यायांतलाच होता. मेंढरांमागून आणून राजा केलेला दावीद देवासमोर बसतो, आणि मी कोण, माझें घराणें तें काय, असें विचारतो. पुस्तकांतहि हें गीत याच वचनाखालीं घातलें आहे. आणखी पंधरा वर्षें गेलीं. १७८८ सालीं, बासष्ट वर्षांच्या वयांत, न्यूटन यांनीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली, व ज्या कामांत आपला हात होता त्याची लाज आपणांस जन्मभर वाटत राहील, असें तींत कबूल केलें. वादळापासून या कबुलीपर्यंत चाळीस वर्षें झालीं. १८०७ च्या मार्चांत ब्रिटिश पार्लमेंटानें तो व्यापार बंद करण्याचा कायदा केला; त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यूटन वारले.

आतां ज्यांच्या वाडवडिलांस गांवकुसाबाहेर ठेवण्यांत आलें, असा एखादा भाऊ विचारील कीं, माणसें विकणाऱ्याचें गीत आम्हीं कां गावें? प्रश्न रास्त आहे, व तो विचारणाऱ्यास गप्प करूं नये. आमचें मत असें : गीत गावें, परंतु चरित्र वादळापाशीं तोडूं नये. वादळ झालें व मनुष्य एका रात्रींत नवा झाला, असें सांगणें सोपें आहे. पण ती पुरी साक्ष नव्हे. गीतांत जी कृपा आहे तिचा पुरता अर्थ गीत रचणारालाहि तेव्हां उमगला नव्हता. गीत पुढें गेलें, आणि न्यूटन मागून पोहोंचले.

कूपर यांची कथा निराळी. त्यांस मनाचा दुर्धर आजार होता. ऑल्नीस येण्यापूर्वीं त्यांनीं जीव देण्याचा प्रयत्न केला होता, व पुढें सेंट ऑल्बन्स येथील एका वैद्याच्या आश्रमांत त्यांस ठेवावें लागलें. देवाचे मार्ग मनुष्यास अगम्य आहेत, या अर्थाचें त्यांचें प्रसिद्ध गीत १७७३ च्या आजाराच्या सुमाराचें आहे. त्या जानेवारींत आजार उलटला, आणि देवानें आपला कायमचा त्याग केला आहे अशी त्यांची समजूत झाली. ती शेवटपर्यंत गेली नाहीं. न्यूटन यांनीं त्यांस एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. पुढें कोणीं तरी दिलेले तीन ससे पाळण्यांत त्यांस थोडें सुख लाभलें. उत्तम काव्यें त्यांनीं त्यानंतरच लिहिलीं, १७८८ सालीं गुलामगिरीविरुद्ध कविता केल्या. पण उपासनेस ते पुन्हां गेले नाहींत, आणि १८०० सालीं वारले तेहि निराशेंतच. त्यांचा विश्वास कमी पडला, असें म्हणणारे कांहीं लोक आहेत. आपल्या गांवांतहि अशा आजाऱ्याच्या घरच्यांस हेंच ऐकावें लागतें. असें बोलणें आम्हांस क्रूर वाटतें. ज्वर आलेल्याचा विश्वास आपण मोजीत नाहीं, मग याचा कां मोजावा? स्वतःला आधार न देऊं शकलेल्या त्यांच्या गीतानें हजारों शोकग्रस्तांस उभें केलें आहे.

न्यूटन यांच्या गीताचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत तें फारसें गाइलें जात नसे. ओवी जशी ओवीच्या कोणत्याहि चालीवर म्हणतां येते, तसें तें त्या वृत्ताच्या अनेक चालींवर म्हणत. आज ओळखीची असलेली चाल त्याला अमेरिकेंत १८३५ सालीं विल्यम वॉकर यांनीं आपल्या 'सदर्न हार्मनी' या पुस्तकांत जोडली. १८५२ च्या 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरींत गुलाम टॉम छळ सोशीत असतां हेंच गीत गातो. तेथें त्याच्या मुखीं घातलेल्या कडव्यांपैकीं एक न्यूटन यांचें नाहीं. तें अमेरिकेंत आधींपासूनच लोकांच्या तोंडीं होतें. पुढें तेंच शेवटचें कडवें म्हणून छापलें जाऊं लागलें, आणि गाणारे तेंहि न्यूटन यांचेंच समजतात.