धरण दारात, मग टीसीएल कशाला?

प्रश्न : आम्ही पानशेत धरणाच्या वरच्या अंगाला राहतो. पाणी नितळ असतं, हेच पाणी पुढे पुणेकर पितात. मग ग्रामपंचायत आमच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) का टाकते? वास येतो, चहाची चव बिघडते. – एक वाचक, वेल्हे

उत्तर : पुणेकर हेच पाणी पितात, पण असंच पीत नाहीत. आंबी नदीवरच्या पानशेतची क्षमता १०.६५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३१ कोटी लिटर. हे पाणी खडकवासल्यात उतरतं, तिथून पर्वतीच्या जलकेंद्रात जातं. तिथे तुरटीने गाळ बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि मग क्लोरीन देतात. तुमच्या गावात यातलं बहुतेक वेळा शेवटचंच काम होतं, म्हणून ते चुकवून चालत नाही.

नितळ पाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पहिल्या पावसात डोंगरउतारावरचं शेण, घाण सगळं ओढ्यात येतं. जानेवारी २०२५ मध्ये खडकवासल्याच्या खालच्या नांदेड, किरकटवाडी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पिण्याच्या पाण्यावरच होता. धरण जवळ असून काय उपयोग झाला?

वासाचं म्हणाल, तर आधण पत्ती टाकण्याआधी चांगलं खळखळू द्या, वास निघून जातो.

खरी काळजी वेगळीच आहे. टीसीएलला दमट हवा सोसत नाही. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं की ते उडून जातं, आणि आपल्याकडचा पावसाळा तर ठाऊकच आहे. अशी निकामी पावडर टाकून नुसतं समाधान मिळतं.

तपासणी सोपी आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकतो. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. पाणी बिनरंगाचंच राहिलं तर नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं.

तुम्हा लोकांच्या जमिनी धरणात गेल्या; पर्वतीइतकंच निर्धोक पाणी मिळणं हा तुमचा हक्क आहे. म्हणून वास आला की चिडू नका, तो येईनासा झाला की विचारा. ओटीची चाचणी टाकीजवळच्या नळावर नको, वाडीतल्या शेवटच्या घरी, तुमच्यासमोर करायला लावा.